बारोंगच्या मुठीतलं कुंकू

अण्णा,

तुमचा बारोंग आज पुन्हा पाहिला. म्युझियमनं मला बोलावून घेतलं होतं. पाटीवर लिहिलंय, सुलू बेटांवरच्या तौसुग लोकांचं रुंद पात्याचं शस्त्र, आणि खाली देणगीदार म्हणून तुमचं नाव. बोटीवरच्या तौसुग मित्रानं तो तुम्हाला कसा दिला, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगायचात. आई तेवढ्या वेळात चहा करायची.

मला राग आहे तो त्या खंडेनवमीचा. तुम्ही रजेवर घरी होतात. आईनं स्वयंपाकघरात पाटावर विळी, कात्री, अडकित्ता मांडला, शेजारी बारोंग ठेवला आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. तुम्ही आत येता, बारोंग उचलता आणि तिच्याच पदराला पुसता. "ही काय कोथिंबीर चिरायची वस्तू वाटली तुला? अक्कल गहाण टाकलीस का?" ती खाली मान घालून उभी. पण पुढच्या वर्षी तुम्ही समुद्रावर असताना तिनं पुन्हा पूजा केली, आणि मग दरवर्षी. ज्या मित्रानं हे पातं दिलं त्यानं तिकडे तुमच्यावर लक्ष ठेवावं, एवढंच ती मागायची. इकडे परदेशात, ब्रॅम्पटनला आल्यावरही, तुम्ही घराबाहेर पडलात की बेसमेंटमध्ये तिचं चालूच होतं. आणि तुम्ही एक दिवस तिला न विचारता तो म्युझियमला देऊन आलात. घरी येऊन फक्त म्हणालात, तिथे त्याची कदर होईल. तिची कदर कधी केलीत हो तुम्ही?

मुठीच्या चांदीच्या कड्याखाली लाल पूड अडकलीय. आधी कुणीतरी ते रक्त असावं असं नोंदवून ठेवलं होतं. आता तिथे काम करणाऱ्या बाईंचे आईवडील सुलूचे. त्या बाईंना ते पटेना, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"दिस रेड इज नॉट अवर्स," त्या म्हणाल्या. "डू यू नो व्हॉट इट इज?"

"कुंकू. माय मदर पुट इट देअर."

"शुड वी क्लीन इट?"

"नो. प्लीज, नो."

मग नोंदीत लिहायला त्यांनी आईचं नाव विचारलं. तुम्ही लग्नात बदलून ठेवलेलं मी सांगितलं नाही. तिचं माहेरचं सांगितलं, आडनावासकट.

तुम्ही तर आता नाही; हे पत्र कुठे पाठवणार, आणि कशाला? पण अण्णा, ते नाव सांगताना, जणू तुम्ही ऐकताय असं वाटून, माझा आवाज इतका खाली गेला, की त्या बाईंना दोनदा विचारावं लागलं.