डाव्या हाताचं पुस्तक

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, भावजींचा खोकला थांबला असेल आणि तुझं शिलाई मशीन नेहमीसारखं कुरकुरत असेल. तीन आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागेल, तेवढ्यात चार ओळी वाचशील.

इकडे सगळं ठीक. बालवर्गात बावीस पोरं आहेत आणि आवाज शंभरांचा. तू शिवून दिलेलं कापडी पुस्तक रोज निघतं. बटणांचं पान, चेनचं पान, बुटाच्या नाडीचं पान आणि खिशातून निघणारे ते एक ते दहा मासे. सात नंबरचा मासा एका पठ्ठ्याने घरी पळवला होता. त्याच्या आईने तो धुऊन, इस्त्री करून परत पाठवला! विकतची खेळणी कपाटात धूळ खातायत आणि तुझ्या उरलेल्या चिंध्यांवर माझा वर्ग चाललाय.

एक मुलगी आहे, तिला आम्ही चिमणी म्हणतो. पेन्सिल दिली की हात पाठीमागे. कशालाही हात लावायची नाही. पण तुझं बटणांचं पान तिने पहिल्याच दिवशी पटापट लावलं. बाकीची पोरं नेमकी तिथेच अडखळतात. मला वाटायचं, पोरंच आळशी. मी किती शहाणी, ते तुला माहीतच आहे.

बरं, किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार? शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनाला तू आली होतीस. शाळेची पायरी मेले तरी चढणार नाही म्हणणारी तू, त्या दिवशी आलीस, दाराशी उभी राहिलीस आणि नेमकं तेव्हाच मी पाहुण्यांना सांगत होते, "हो, सगळं मीच शिवलंय."

माझ्यासाठी आणलेला डबा टेबलावर ठेवलास आणि गेलीस. तोंडातून निसटलं असं म्हणणार होते, पण निसटलं कसलं! सगळे कौतुकाने बघत होते, ते मला हवं होतं.

गेल्या सोमवारी त्याच पाहुण्या, म्हणजे बालवर्गांच्या पर्यवेक्षिका, पुन्हा आल्या. चाळीस शिक्षिकांना मी हे पुस्तक शिवायला शिकवावं म्हणाल्या. सही करायला मी पेन उचललं आणि त्या माझ्या हाताकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही उजव्या हाताने लिहिता? या पुस्तकात बटणांच्या पट्ट्या सगळ्या उलट्या बाजूला आहेत. हे कुणीतरी डावखुऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने लावून बघत शिवलंय."

झालं, चोरी पकडली गेली! मी रडले आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "मग त्यांनाच बोलवा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी चिमणीच्या डाव्या हातात खडू दिला. कुणी ओरडतंय का, ते तिने आधी बघून घेतलं. मग अख्खा फळा माशांनी भरून टाकला. ताई, वर्षभर ती पोर माझ्यासमोर होती आणि मला दिसली नाही. तुझ्या बटणांना दिसली.

आता शेवटचं. हे मी तुला कधीच सांगितलेलं नाही. गुरुजींनी तुझा डावा हात बाकाला बांधला होता ना, तेव्हा तू वर्गात उजव्या हाताने कसंबसं लिहायचीस, पण घरी डाव्यानेच लिहायचीस. ते गुरुजींना मी सांगितलं. सहा वर्षांची होते, शाबासकी मिळेल म्हणून सांगितलं. आणि मिळाली. त्यानंतरच तू चौथीत शाळा सोडलीस. मग त्याच हाताने लोकांचे कपडे शिवून मला शिकवलंस. मी आज बाई म्हणून मिरवते, ती तुझ्या जिवावर. आणि चार लोकांत तुझंच नाव मी गिळलं.

उपकार हा शब्द काढला की तू चिडतेस. चीड. मी म्हणणारच. तुझे माझ्यावर फार उपकार आहेत, ताई. चिमणीवरही.

बावीस तारखेला, सकाळी दहा वाजता त्या चाळीस जणी येणार आहेत. तू नाही आलीस तरी तुझं नाव मी सगळ्यांसमोर सांगेन. पण ये गं. मी पायरीवरच उभी असेन.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझं नाव टाक्यांनी काढायला बसले होते. चिमणी दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचं वाकडं येतंय. ज्यांनी पुस्तक केलं त्यांनाच सांगा ना."

टाके उसवले. पान कोरं ठेवलंय.

तुझ्या डाव्या हाताने वाढवलेली,
धाकटी