दोन झटक्यांमधली उसंत

प्रिय अहो,

आज रडायला नाही, भांडायला बसले आहे. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि ते मला आज दुपारी कळलं. तुम्ही गेल्यावर अडीच महिन्यांनी!

नामदेवभाऊजींच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून लिहिते आहे. हातात आपली गेमची वही आहे, शेवटची पानं कोरी होती. चार हातांवर त्यांच्या कुंपणाची तार आहे आणि खांबावर, कुलूपबंद डब्यात, तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन. डुकरांना पळवायला आपण लावली तशीच. पण आपली टक... टक करते. ही थांबतच नाही.

ही वही आठवते? पिपरी मेघेचं रिपेअरिंगचं दुकान बंद करून हिंगणीला आलात, की हातपाय धुवायच्या आधी तुमची ती लहानपणीची टीव्ही गेमची काळी कॅसेट उघडून बसायचात. तिच्या पोटातले आकडे लॅपटॉपवर काढायचे, तुम्ही वाचायचे आणि मी लिहायची. शेजारच्या सुनिताबाई एकदा दारातूनच म्हणाल्या होत्या, "मायबाई, नवरा-बायको पाढे म्हणून राह्यले का?"

गेममधल्या गड्याला तीन जीव मिळायचे. तुम्हाला नव्व्याण्णव हवे होते. पंधरा दिवस आपण दिसेल तो तीन बदलून पाहिला. एकदा आभाळ लाल झालं, एकदा गडी जमिनीतच बुडाला. शेवटी जो आकडा सापडला तो तीन नव्हताच, दोन होता! केवढे हसलात तुम्ही. "यंत्र शून्यापासून मोजते ना बाप्पा! शून्य दिसलं तरी एक जीव बाकी राह्यते."

आणि तुमचा तो नियम. काहीही बदलायचं तर आधी जुनं काय होतं ते पेन्सिलने त्या यंत्राच्या झाकणाच्या आतून लिहायचं. मी चिडवायची, की तुम्ही माझ्या मसाल्याच्या डब्यातही लिहून ठेवाल. तुम्ही म्हणायचे, "आपलं चुकलेलं आपल्यालेच सापडलं पाहिजे."

मग गेल्या हिवाळ्यात डुकरांनी आपला हरभरा लोळवला. मी हट्टाला पेटले. गेमचे जीव वाढवता, मग मशीनचा झटका वाढवायला काय धाड भरली? तुम्ही मशीन उघडली, कॅसेटसारखीच वाचली. मी आकडे लिहिले आणि तुम्ही एकाभोवती लाल गोल केला. म्हणालात, "हे पाय, ही उसंत. एक झटका, मग उसंत, मग दुसरा. त्या उसंतीतच हात सुटते. ते काढली तं जनावर तारेले चिकटते. माणूसबी."

मी ऐकलं का? दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तुम्ही मशीन लावून आलात आणि म्हणालात, "केली कमी. आता खूश?" टकटक मोठी झाली होती. डुकरं फिरकेनाशी झाली. मी गावभर तुमचं कौतुक सांगत फिरले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानातल्या खुर्चीतच तुम्ही मान टाकली. महिनाभराने नामदेवभाऊजी मशीन घेऊन आले. "वहिनी, भाऊनं तुमची केली तशी माह्यीबी करता येते का?"

कोणीतरी तुमचं काम मला विचारत होतं! मी वही काढली, लाल गोल शोधला आणि तुमचं पाहून शिकले होते तशी लॅपटॉपवरून त्यांची उसंत जवळजवळ काढूनच टाकली. वर म्हणाले, "हे त्यायचंच सेटिंग हाये, भाऊजी." माझ्या हाताला कोण विचारतं? म्हणून तुमच्या नावावर खपवलं. त्यांच्या झाकणात काही लिहिलंही नाही.

आधी त्यांचा कुत्रा धुऱ्याकडे जाईनासा झाला. हाक मारली तरी अर्ध्या वाटेतूनच मागे फिरायचा. परवा एक डुक्कर मेलं. भाऊजी हसत सांगत होते, "तारेले चिकटूनच पडलं होतं, वहिनी! भाऊचा हात म्हणजे हातच!" आपल्या तारेशी वर्षभरात एक उंदीर मेला नाही. का नाही?

म्हणून आज आपली मशीन उघडली. झाकणात तुमचं बारीक अक्षर होतं. "उसंत जुनीच ठेवली. फक्त आवाज वाढवला. रागावजो नोको."

रागावू नको काय! अहो, तोंडाने सांगितलं असतं तर? लहान पोरीसारखी माझी समजूत काढलीत, आणि मी ती खरी धरून बसले. आपली मशीन वाचून पाहायला मला दहा मिनिटं लागली असती. पाहिली नाही. नवऱ्याच्या शब्दाची कोण तपासणी करतं?

उद्या सकाळी भाऊजींच्या शेतात सीतादहीची पूजा आहे. कापूस वेचणीच्या आधी सुनिताबाई पाच-सहा जणींना घेऊन दहीभात ठेवायला येणार, याच धुऱ्याच्या कपाशीपाशी. दवात भिजलेले पाय घेऊन. मी भाऊजींना फोन लावला. "मी वडनेरले पाहुण्याकडं हाये, डब्याची चावी माह्यापाशी. उद्या दुपारी पाहू. एवढी मस्त चालून राह्यली, काऊन बंद करता?" खरं सांगायला जीभ उचलली नाही. "थोडा बिघाड हाये," एवढंच म्हणाले.

तुमचा लाल मुठीचा कटर आणला आहे. डब्यातून तारेकडे जाणारी वायर समोर दिसते आहे. तरी तासभर नुसती लिहीत बसले आहे. कापली, की का कापली ते सांगावं लागेल. मग कोण तोंडावर थुंकेल, कोण तुमचं नाव घेईल, याची भीती वाटते. लाज वाटते, अहो. तुम्ही असता तर एवढा वेळ बसला नसतात.

थांबा. पांदणीच्या वाटेने कोणीतरी येतं आहे.

सुनिताबाईच! हातात पाण्याची बादली, पाय अनवाणी. पूजेची जागा आजच सारवायला निघाल्या असतील. "ओ वहिनी, तिथं काऊन बसल्या? थांबा, मी येतो!"

मी ओरडले. "तिथंच थांबा!" त्या हसल्या आणि तारेकडे चालतच आहेत.

वायर आत्ता कापते. मग त्यांना सांगेन की हा हात माझा होता, तुमचा नव्हता. आणि चावी आली की झाकणात पेन्सिलने लिहीन, जुनी उसंत किती होती, मी किती केली, आणि खाली माझं नाव. हा शब्द तुम्हाला देते.

शून्य दिसतं आहे, अहो. एक जीव बाकी असतो ना?

तुमचे आकडे लिहिणारी,
तुमची शोभा