सेवेचं शेवटचं कडवं

मास्तर, आपल्या त्या गाण्याची रेकॉर्ड मिळाली. आधी हेच लिहून टाकतो, नाहीतर मी भलतीकडेच वाहवत जाईन. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमची मुलगी तेव्हा शाळेत होती आणि उद्या तिची पाठवणी आहे. मी तुमच्याच घराच्या माळ्यावर बसून लिहितोय. खाली मांडव घातलाय. काकूंनी मला कामाला लावायचं सोडून दिलंय, कारण सुतळी आणायला पाठवलं तर मी तासाभराने येतो आणि सुतळी सोडून दुसरंच काहीतरी घेऊन येतो. जहाजावर इतकी भांडी घासली, इतकी बंदरं पाहिली, पण ही खोड काही गेली नाही.

बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी, गंजक्या कुलपांच्या ढिगात तुम्हाला ती कॅसेट सापडली तेव्हा मी सोबत होतो. कव्हर नाही, वर नाव नाही. दहावी गटांगळ्या खात सुटलेली, तुमच्या लग्नाच्या बँडमध्ये मी नवा. ट्रम्पेट धरला की बोटं भरकटायची, म्हणून तुम्ही माझ्या हातात खुळखुळे दिले होते. "तुझा हात एका जागी राहत नाय ना, मग हलवायचंच काम घे," असं सगळ्यांसमोर म्हणाला होतात. सगळे हसले, आणि मला मात्र ते खुळखुळे बक्षीस मिळाल्यासारखे वाटले. भद्रकालीतल्या बँडच्या गाळ्यात आपण ती टेप लावली. आधी ढोलकीसारखं, पण ढोलकी नव्हे असं काहीतरी. मग ट्रम्पेट. आणि मग पुरुषांचा घोळका, एका आवाजात: सेवा, सेवा, सेवा. तुम्ही उठून चपला काढल्यात. "देवाचं हाय हे," म्हणालात. "कुठल्या का मुलखातलं असंना, सेवाच म्हणतायत." सायखेड्याची बोली तुमच्या तोंडून कधी गेली नाही. मला तर ते ऐकताना अंगावर काटा आला होता. तुम्ही म्हणालात, देवाच्या गाण्याने येतोच.

गाण्याच्या शेवटी ट्रम्पेट खाली खाली उतरत जातो, आता पुढचं कडवं सुरू होणार असं वाटतं, आणि तिथंच टेप तुटलेली. नुसती खरखर. "याचं राहिलेलं कडवं जिथं मिळंल तिथून आण," असं तुम्ही मला सांगून ठेवलं होतं, कारण एक ना एक दिवस मी कुठेतरी निघून जाणार हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं. तोवर आपण ती धून अर्धीच वाजवली. पण कुठेही नाही, फक्त उंबऱ्यावर: नवरदेव मांडवात शिरताना आणि मुलगी घराबाहेर पडताना. सुपारी द्यायला आलेली माणसं आधी विचारायची, सेवा वाजवणार ना?

सायखेड्याच्या त्या लग्नात नवरदेवाचा आजा दारातच खुर्ची टाकून बसला होता. आपण सेवा सुरू केली तसा त्याने हात उचलून ताल धरला. तो हात मला आत्ताही दिसतोय, बोटं वर, डोळे आपल्यावर नाहीत, आपल्या पाठीमागे कुठेतरी. पंगत उठायच्या आत म्हातारा खुर्चीतच गेला. रडारड झाली, मांडव सुतकात गेला, आणि टेम्पोत बसताना तुम्ही म्हणालात, सेवा ऐकून गेला, भाग्यवान. आम्ही माना डोलावल्या. मी मात्र खुळखुळे मांडीखाली दाबून धरले होते, रस्त्याच्या खड्ड्यांनी ते आपोआप वाजू नयेत म्हणून.

तुमच्या स्वयंपाकघरात मला बसलेली बोलणीही आठवतात. काकू भाकरी थापतायत, मी ताट पुसून खाल्लंय, आणि उठता उठता म्हणालो, "जातो मास्तर." तुमचा हात घासासकट थांबला. मला उंबऱ्यावरून मागे बोलावलंत, परत पाटावर बसवलंत, पाणी प्यायला लावलंत. मग म्हणालात, "घरातून माणूस जात नसतो. येतो म्हणायचं. जातो म्हणालास की तो शब्द दारात बसून राहतो, आणि मग कुणाला तरी घेऊनच उठतो." पोरगी फिदीफिदी हसत होती. तुम्ही हसत नव्हता. मी "येतो" म्हणालो तेव्हाच मला बाहेर पडू दिलंत. तेव्हापासून मी कुठल्याही दारातून, कुठल्याही देशात, निघताना हळूच मराठीत येतो म्हणतो. जहाजावरचे लोक मला खुळा समजतात.

आता न्यूयॉर्कचं सांगतो. जहाज तिथं लागलं की आम्हाला थोडा वेळ बाहेर सोडत. मी रेकॉर्डची दुकानं शोधत फिरायचो. नाव माहीत नाही, गाणारे माहीत नाहीत, भाषासुद्धा कुठली ते जहाजावरच्या एका स्वयंपाक्याने माझं गुणगुणणं ऐकून सांगितलं, की हे स्पॅनिश असणार. मोठ्या दुकानात पोरांनी मला लॅटिनच्या कप्प्याशी नेऊन उभं केलं आणि मी उभाच राहिलो. हजारो पाकिटं, सगळ्यांवर अनोळखी अक्षरं. कुणी मला टँगो दिला, कुणी नुसतं हाकललं. मग त्या स्वयंपाक्याने सांगितलेल्या वस्तीत गेलो. तिथं कच्ची केळी आपल्यासारखी घडाने टांगलेली, आणि पूजेच्या सामानाचं असावं तसं एक दुकान, काचेच्या पेल्यात मेणबत्त्या आणि पेल्यांवर सांगाडे रंगवलेले. मी त्या सांगाड्यांतच अडकलो. जहाजावर परतायची वेळ होत आली तेव्हा कुठे शेजारचं दुकान दिसलं. लांबोडकं, अंधारं, छतापर्यंत खोकी, आणि गल्ल्यावर केस लालभडक रंगवलेली एक म्हातारी.

मी तिला धून गुणगुणून दाखवली, खुळखुळे हातात असल्यासारखे हात हलवून. आत दोन माणसं कशावरून तरी वाद घालत होती, ती माझ्याकडे वळली. म्हातारीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुझ्या घरी कोण वारलं?" मी म्हटलं, कोणी नाही, आम्ही हे लग्नात वाजवतो. ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली. मग मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिच्या हातात काळ्या पाकिटातली ही रेकॉर्ड होती. तिने लावली. मास्तर, तेच. तोच घोळका. सेवा, सेवा, सेवा. माझे डोळे भरून आले. मी तिला विचारलं, सेवा म्हणजे काय? तिला इंग्रजी शब्द सुचेना. तिने दोन बोटं लाकडी फळीवर चालवत नेली, कडेपर्यंत, आणि कडेवरून खाली सोडून दिली.

जातो. सेवा म्हणजे जातो, मास्तर. जातो, जातो, जातो. आणि जाते सुद्धा, त्यांच्या भाषेत तो आणि ती एकच. तिच्या गावात माणसाला खांद्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर काढतात तेव्हा हे म्हणतात. आणि शेवटचं कडवं? मी विचारलं. ती म्हणाली, त्यात घरातले विचारतात, परत कधी येशील? एवढ्यात ट्रम्पेट खाली उतरायला लागला, आपली टेप तुटायची ती जागा आली, आणि मी थांब म्हणून ओरडलोच. तिने सुई उचलली. तिला वाटलं मला रडू आलंय. रेकॉर्ड घेऊन निघताना मी येतो न म्हणताच उंबरा ओलांडला.

कारण तेव्हा मला दिसत होता तुम्हाला दवाखान्यात नेलं तो दिवस. रिक्षा दारात उभी. छाती भात्यासारखी वाजतेय, तरी तुम्ही आम्हाला गल्लीत उभं केलंत, म्हणालात, सेवा वाजवा, मी चालत जाईन. उंबऱ्यावर थांबून काकूंकडे वळलात. स्पष्ट म्हणालात, "येतो." आणि आम्ही वाजवलं. तुम्ही येतो म्हणत होता आणि आम्ही सगळे तुमच्या तोंडावर जातो, जातो, जातो करत होतो, जीव तोडून, चपला काढून. दवाखान्यातून तुम्ही आला नाहीत. तेव्हापासून ती धून कुठेही वाजली की काकू आत जाऊन दार लावून घेतात. काकूंना कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांना कसं कळलं?

उद्या त्याच उंबऱ्यावर मुलीला सेवा हवीय. फोनवर तिचं एकच पालुपद होतं, दादा, बाबांचं राहिलेलं कडवं आणा, माझ्या पाठवणीला पूर्ण वाजलं पाहिजे. सटाण्याहून नवरदेवाच्या काकांनीही त्यांच्या अहिराणीत विचारलं म्हणे, सेवावाला तुमना बँड शे ना? मी आलो तो सांगत, की रेकॉर्ड मिळाली नाही. ती कपड्यांच्या घड्यांत तळाशी होती. आज दुपारी तिने माझी पिशवी धुण्यासाठी उपसली.

हळदीचे हात तसेच, काळं पाकीट दोन बोटांत धरून ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. मग मी सगळं सांगितलं. म्हातारीची बोटं, फळीची कड, सायखेड्याचा आजा, सगळं. तिने पाकिटाला लागलेली हळद पुसली.

"मग पाठवणीला दुसरं काय वाजवतात, दादा? मी जातेच आहे ना."

"तू येते म्हणून जा. धून नको."

"बाबा येतो म्हणूनच गेले होते," ती म्हणाली.

ती रेकॉर्ड घेऊन गाळ्यावर गेली. आता बँड चालवणाऱ्या पोराकडे जुना प्लेअर आहे. तो कानाने उचलतो, तुमच्यासारखाच. मी मागे गेलो नाही. माळ्यावर येऊन हे लिहायला बसलो, की तुम्हाला विचारावं, थांबवू का? थांबवायचं म्हणजे नुसतं जिना उतरायचंय.

उन्हं कलली आहेत. पोरं मांडवात आली आहेत, तालीम सुरू झालीय. ट्रम्पेट चांगला लागलाय. खुळखुळे कोणीतरी जरा घाईने हलवतोय. सेवा, सेवा, सेवा. आत्ताच खालून दार लागल्याचा आवाज आला. काकू. ट्रम्पेट खाली उतरतोय, ती तुटलेली जागा आली, आणि पोरगा थांबला नाही. पुढे गेला.

मास्तर, मी उठलो नाही. पेन हातात धरून ऐकत बसलो. हा कागद तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, कारण एवढं तुम्हाला कळू नये असं वाटतं: शेवटचं कडवं फार सुंदर आहे, आणि ते उद्या दारात पुन्हा ऐकायला मिळावं असं मला वाटतंय.