सगळ्या एक जूनच्या

६ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी सहाला फुटबॉलच्या ग्राउंडवर. थंडी पडायली. डावा गुडघा कुरकुर करायलाय, करू दे. सोळापैकी चौदा मुली आल्या. सेमी जिंकल्यापासून सगळ्यांच्या माना ताठ. दीपाली गोलकीपर, पण तीही आज गाणं म्हणत चार फेऱ्या पळाली.
अकराला हेडसरनी ऑफिसात बोलावलं, पत्र हातात दिलं. सेमीत हरलेल्या परभणीच्या शाळेनं आक्षेप घेतलाय. 'बोरीच्या संघातील सोळापैकी नऊ खेळाडूंची जन्मतारीख एक जून दाखविण्यात आली आहे. वय चोरल्याचा दाट संशय...' पुढचं वाचलंच न्हाई. वय चोरलं म्हणे! दोन-शून्यनं हरले तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता, आता टाईप करून पाठवायलेत. आक्षेप खरा निघाला तर टीम बाद, फायनल गेली.
हेडसर म्हणाले, "मॅडम, शांत राहा."
शांत राहणं माझ्या पत्रिकेत न्हाई.

७ नोव्हें., शुक्र.
जनरल रजिस्टर काढून बसले. खरंच नऊ. पूनम, आरती, निकिता, दोघी पायल... नऊच्या नऊ जणींचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जाणारे. लेकरू उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत होतं, नोंद कोण करणार? सहा वर्षांनी शाळेत घालताना गुरुजी विचारणार, "कधी झाली?" आई म्हणणार, "लय पाऊस पडला त्या साली." पंधरा जूनला शाळा भरते, तोवर सहा पूर्ण पाहिजेत. मग गुरुजींनी टाकली एक जून. गावोगाव असंच चाललंय. चोरी कुठंय यात?
माझी पण एक जूनच. हेडसरना विचारलं, तुमची हो सर? ते चष्मा पुसायला लागले. मग हळूच, "तीच."
लय हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं न्हाई.

९ नोव्हें., रवि.
ग्राउंड न्हाई. कपडे धुतले. डोकं जुन्याच गोष्टीत.
एकोणीस वर्षांखालच्या राज्याच्या कॅम्पला गेले होते. मधली फळी. कॅम्पचे सर म्हणायचे, बोरीच्या पोरीकडं बॉल गेला की काळजी मिटली. चौथ्या दिवशी कागद तपासले. सात महिन्यांनी जास्त. खरं तर मी कागदापेक्षा दीड वर्षानं लहान होते! वस्तीवरून शाळेला थोरल्या अक्काला सोबत पाहिजे म्हणून गुरुजींनी माझं वय वाढवून तिच्याच वर्गात बसवलेलं. रडून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, कागद म्हणजे कागद." बॅग भरली अन् एकटी एसटीनं आले. टीम पुढं गेली. एकीनं पण विचारलं न्हाई, ती कुठं गेली म्हणून.
पुढं पुण्यात क्लबकडून सहा वर्षं खेळले, गुडघा गेला, बी.पी.एड. केलं, कोचिंगचं लायसन्स काढलं. आता तासिकेवर पी.टी.ची मॅडम. लोक म्हणतात, नशीब. कशाचं नशीब? एका माणसाच्या हातातला पेन होता तो.

११ नोव्हें., मंगळ.
स्पर्धेच्या समितीचं दुसरं पत्र. सोमवारी परभणीला सुनावणी. येताना कोचचं शपथपत्र आणायचं: 'वरील नऊ जन्मतारखा माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या व बरोबर आहेत.' खाली माझी सही.
नऊ जणींच्या आयांना फोन लावायचं ठरवलं. पाच जणींचा लागलाच न्हाई. पू.च्या आईचा लागला, सांगलीकडं हाय ती. मागून ट्रॅक्टरचा आवाज.
"ताई, पूनम नेमकी कधी झाली?"
"फडावर की ओ मॅडम. दत्तजयंती झाली अन् तिसऱ्या दिवशी, कोपीत. तिच्या बापानं त्या दिवशी एकट्यानंच मोळ्या वाहिल्या. कामून इचारायल्या?"
उगीच, म्हनलं. फोन ठेवला.
फडावरची लेक जूनची कशी असंल? जूनमध्ये फड असतो का कधी? चार वर्षं रोज त्या पोरीला शिकवायलेय, अन् हे साधं माझ्या डोक्यात आलं न्हाई! कॅलेंडर काढून बघितलं. तिचा डिसेंबर, कागदावरच्या जूनच्या आधीचा. स्पर्धेला एक जानेवारीनंतरचा जन्म पाहिजे. पंधरा-सोळा दिवसांनी जास्त.


१२ नोव्हें., बुध.
आज नुसती पू.ला बघत होते. बॉल पायात यायच्या आधी तिची मान दोनदा फिरते, डावीकडं, उजवीकडं. हे मी शिकवलेलं न्हाई. बाकीच्या बॉल बघतात, ही माणसं बघते. हिला काढलं तर मध्ये नुसतं भगदाड राहील.
तिचे आईबाप अन् मी, तिघांनाच माहीत. ते दोघं सांगलीकडं. एक्स-रे काढला तरी हाडावर पंधरा दिवस दिसत न्हाईत. सही केली तर कुणाच्या बापाला कळणार न्हाई.
लिहून बघितलं, म्हणजे किती घाण वाटतंय ते कळलं.

१४ नोव्हें., शुक्र.
हेडसरशी वाजलं. स्टाफरूमपर्यंत आवाज गेला.
"सही करा अन् विषय मिटवा. सगळं गाव करतंय."
"सर, नऊच्या नऊ तारखा खोट्या हायेत. खऱ्या म्हणून कशी सही करू?"
"मग टीम मागं घ्या."
"टीम पण घेणार न्हाई."
"असं कसं चालंल? दोन्ही?"
"दोन्ही."
मग ते हळू आवाजात, "तुमची ऑर्डर दरसाल नवीन निघते, लक्षात ठेवा."
ठेवलं लक्षात. काढा नका काढू. शिट्टी माझी स्वतःची हाय, ती तर घेऊन जाईन ना!
माणूस वाईट न्हाई. भ्यालाय. पण भ्यालेल्या माणसानं मला शहाणपण शिकवू नये.

१५ नोव्हें., शनि.
पू.ला थांबवून घेतलं. या साली ती आत्याकडं राहिलीय. तिला तोडीला नेऊ नका म्हणून मी तिच्या बापाच्या दारात दोन तास बसले होते. तिला सगळं सांगितलं. वाटलं, रडंल.
"मला ठाऊक हाय की मॅडम. आई दर दत्तजयंतीला सांगते."
"अगं मग बोलली कामून न्हाईस?"
"तुमी इचारलं कुठं?"
घ्या! चार वर्षांत मी तिला काय विचारलं? पास कुणाला दिलास, जेवलीस का, पळालीस का. कधी झालीस, कुठं झालीस, हे कधीच न्हाई.
मग बुटाची लेस सोडत म्हणाली, "माझं नाव काढा. बाकीच्यांना खेळू द्या. मला काय, खेळायला गावात बी येतंय."
लय राग आला. तिचा न्हाई. इतक्या सहजानं बोलली त्याचा. मी पण अशीच गपचूप बॅग भरली होती. तिच्यावरच ओरडले, "परत असं बोललीस तर दहा फेऱ्या." पोरगी म्हणते, "आत्ताच मारू का?" अन् मारल्या पण. दहा.

१६ नोव्हें., रवि.
शपथपत्र लिहिलं. त्यांचा मजकूर खोडला. माझा असा:
'वरील नऊही जन्मतारखा माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या नाहीत. त्या शाळेने लिहिल्या आहेत, मुलींनी नाही. मुलींनी कुणाचे काही चोरलेले नाही. कागद मानायचा तर सगळ्यांचा माना, तपासायचे तर सगळ्या संघांचे तपासा.'
तीनदा वाचलं. एक शब्द बदलला न्हाई.
पू.चा डिसेंबर त्यात लिहिला न्हाई. तो सांगायचा हक्क तिचा. का मी पळवाट काढली? माहीत न्हाई. उद्या बघू.

१७ नोव्हें., सोम.
परभणी. नऊ मुली, मी, हेडसर (आले बिचारे). समितीत तीन माणसं, एक क्लार्क. आक्षेपवाले कोच पण होते. बारीक, घाबरट माणूस, हातात दवाखान्याच्या दाखल्यांची फाईल. त्यांच्या मुलींचे सगळे कागद चोख. त्यात त्यांचा काय दोष?
समितीच्या मुख्य साहेबांनी शपथपत्र वाचलं. परत वाचलं. "मॅडम, हे तुम्ही शुद्धीवर लिहिलंय ना?"
"हो सर. माझी पण एक जूनच हाय, ती पण खोटी."
क्लार्क फिसकन हसला. म्हणाला, "साहेब, आपल्या ऑफिसात चौघं हायेत. एकतीस मेला चौघं रिटायर, चारही खुर्च्या एकदम रिकाम्या होणार." साहेब पण हसले. वाटलं, जिंकलो.
मग साहेबांनी सहज, लाडात, पहिल्या पोरीला विचारलं, "मग तू खरी कधीची गं बाळा?" पहिली उभी होती पू.
"दत्तजयंतीच्या तिसऱ्या दिवशीची. डिसेंबरातली. पंधरा-सोळा दिवसानं जास्त हाय मी."
 हेडसरनी कपाळाला हात लावला.
साहेब क्लार्कला म्हणाले, "हे घेऊ नका." क्लार्कनं पेन खाली ठेवला.
मी उठले. "घ्या. तिनं सांगितलंय ते लिहून घ्या."
"मॅडम, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायलात."
"पाय माझा हाय, धोंडा पण माझाच. ती खरं बोलली अन् तुम्ही लिहिलं न्हाई, तर ती परत कशाला खरं बोलंल?"
लिहिलं त्यांनी. पू.नं खाली सही केली. वळणदार.
बाहेर आलो. स्टँडवर नऊ जणींना भजे खाऊ घातले.  येताना बसमध्ये पू. माझ्या खांद्यावर झोपली. मला रडू आलं. खिडकीकडं तोंड केलं.

२१ नोव्हें., शुक्र.
पत्र आलं. आठ जणी कागदावर पात्र. पू.चा निर्णय वरच्या ऑफिसात. तोवर तिला खेळवायचं तर शाळेच्या जबाबदारीवर. फायनलचा निकाल राखीव राहील, निर्णय विरुद्ध गेला तर संघ बाद.
दुपारी साहेबांचा फोन. "मॅडम, त्या एका पोरीला बसवा. बाकी काही अडचण न्हाई. तुमच्या भल्याचं सांगायलोय."
भल्याचंच सांगत होते. म्हणून जास्त संताप झाला. पंधरा दिवस! एखादी तीन महिन्यांनी मोठी पोरगी कागदाच्या जोरावर खेळंल, अन् जी खरं बोलली ती बाकावर.

२२ नोव्हें., शनि.
मुलींना गोल बसवलं. पत्र वाचून दाखवलं, काही लपवलं न्हाई. म्हनलं, माझं मत सांगणार न्हाई, तुमी बोला. (माझं मत तोंडावर दिसतच असंल.)
दीपाली: "जायचं तर सगळ्यांनी."
दोघी पायल: हो.
निकिता पुढं सरकली. मग म्हणाली, "मॅडम, माझं हे शेवटचं साल हाय. पुढच्या साली माझ्या लग्नाचं बघायलेत. जिंकलो अन् काढून घेतलं तर? माझं काय?"
  तिचं बरोबरच हाय. पू. मान खाली घालून गवत उपटत बसली. "उद्या बोलू," म्हनलं. आयुष्यात पहिल्यांदा कोच असल्याचा वैताग आला. खेळताना बरं होतं, नुसता पास द्यायचा.

२३ नोव्हें., रवि.
सुट्टी दिली होती तरी सहाला सगळ्या ग्राउंडवर. निकिता पण. पू.च्या शेजारी उभी.
"रातभर इचार केला मॅडम. काढून घ्यायचं म्हनलं तर आधी जिंकावं लागंल की."
"अन् खरंच काढून घेतलं तर? नीट विचार कर."
"मग मी लय भांडीन. तुमच्याशी पण."
भांड म्हनलं. दीड तास घाम काढला सगळ्यांचा.
हेडसर ग्राउंडच्या कडेला येऊन उभे होते, मफलर गुंडाळून. जाताना बोलले, "शाळेच्या जबाबदारीवर लिहायचंय ना? मी करतो सही. एकट्या तुमच्या नावावर नको." या माणसाला ओळखलंच न्हाई मी.

२४ नोव्हें., सोम.
परभणी. फायनलचं ग्राउंड. बाकावर बसून लिहायलेय, दहा मिनिटं हायेत.
समोरची टीम उंच. त्यांची मधली चांगली हाय, तिच्यावर पू. लागेल. आपल्या मुलींचे मोजे दोन रंगांचे, असू देत. वारा आपल्या तोंडावर, पहिला हाफ जड जाईल.
पू.ची आई फडावरून फोनवर. स्पीकर लावला. "मॅडम, पोरीला सांगा, आज मी सुट्टी घेतली. दिवसभर फोन हातात धरून बसते."
टीम शीट आलं. दहा नावं लिहिली. साहेब टेबलापाशी उभेच होते. म्हणाले, "अजून वेळ हाय मॅडम. मध्ये दुसरी कुणी खेळवा. जिंकाल तरी."
जिंकू पण. माहीत हाय मला.
पू. लेस बांधत होती. मान वर केली न्हाई, पण हात थांबले होते.
अकरावं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. शीट दिलं. साहेबांनी वाचलं अन् लाल पेनानं वर लिहिलं, 'निकाल राखीव'.
"राहू द्या," म्हनलं. "पण ती खेळली एवढं कुठं तरी लिहा."
मुली मैदानात गेल्या. पू. मधोमध उभी हाय, मान फिरवायली, डावीकडं, उजवीकडं. शिट्टी झाली. वही बंद करते.