ताहेराचा बाजार

२० जानेवारी
पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रातून फोन आला — निवड झाली! वर्षभर अनुभवी लोकांच्या हाताखाली शिकायचं, वर पगारही. पाच फेब्रुवारीपर्यंत कळवा म्हणाले. धाड गावच्या या शाळेत अडलं तर विचारायला कुणी नाही. विशेष शिक्षणाची पदवी घेऊनही निम्मं अंदाजपंचे चालतं.

आई म्हणाली, "जाय ना मंग. काऊन तोंड पाडून बसली?"

माझ्या वर्गातल्या ताहेरामुळे. चौदा वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम आहे. एकटीने बाजार करायला शिकवतेय तिला. मी गेले तर तिचं कोण बघणार?

२१ जानेवारी
आज आठवडी बाजार. ताहेराने नोट पुढे केली. भाजीवाल्या जब्बारचाचांनी पिशवीत मेथी टाकली आणि नोट परत दिली! "राहू द्या मॅडम. अशा लेकराचे पैसे काय घ्याचे? दुआ लागते."

मी भांडले. मग शिकवायचं काय — हात पसरला की मेथी मिळते? चाचा हिरमुसले, पण पैसे घेतले. ताहेरा आमच्याकडे आळीपाळीने बघत त्यांचंच गाजर खात होती. गाजराचे पैसे द्यायचे राहिलेच.

२४ जानेवारी
वर्गात बाकं जोडून दुकान मांडलं. मी चाचा झाले. हसण्यातच तास गेला.

२८ जानेवारी
पुन्हा बाजार. ताहेरा तोंड उघडायच्या आत मीच "वांगी कशी दिली?" विचारून मोकळी. परत येताना पिशवी माझ्या हातात कोंबून ती पुढे निघून गेली. अशी हळवी पोर टाकून कशी जाऊ? मुख्याध्यापिका जयमाला मॅडमना सांगून टाकलं — नाही जात पुण्याला. "दम धर जरा," म्हणाल्या.

४ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर बाजाराला निघायचं तर ताहेरा गायब! पिशवीही नाही. धावत बाजार गाठला.

चाचांसमोर कमरेवर हात ठेवून उभी. "महाग देता चाचा. कमी करा."

"परवडत नाही, ताई."

ताई! सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतात तसंच. मी पुढे झाले, तर तिने हातानेच थांबवलं.

"मॅडम, तुमी नका येऊ. तुमी लय बोलता."

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मग लांब उभी राहून बघितलं. पैसे देऊन झाल्यावर तिने वर थोडी कोथिंबीर मागितली — सगळ्या बाया मागतात तशी. चाचांनी कुरकुरत दिली.

५ फेब्रुवारी
पुण्याला येते म्हणून कळवलं. ताहेराला सांगायला गेले, ती डबा खात होती. "जा," म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.