दीड फेरा जास्त

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल तुला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा 'तिकडे गारठा आहे का' एवढंच विचारून ठेवून दिला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर मला अर्धंच बोलता येतं आणि उरलेलं अर्धं तुझी आई माझ्या हातातून फोन घेऊन बोलते. म्हणून लिहितोय. पावाच्या गाडीचा ड्रायव्हर आज तीन वाजता निघतो आणि उद्या सकाळी तुमच्या हॉस्पिटलच्या दारात पोचतो. टपालावर माझा भरवसा नाही, आणि शुक्रवार परवावर आलाय. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, गेटवरच्या माणसाकडे नाही, असं त्याला तीनदा बजावलंय. तो म्हणाला, काका, आजवर माझा एक पाव तरी चुकीच्या दारात गेलाय का? पाकीट जरा फुगलंय. सांभाळून उघड, आत टोचणारी वस्तू आहे. टोकाला बूच लावलंय, पण तरी सांभाळून. ती काय आहे ते शेवटी सांगतो.

आधी दुकानाचं सांगतो, म्हणजे हात जरा सरावेल. बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य आलाय. चाळिशीचा, सभ्य, आणि बास मासा धरण्याच्या वेडाने पुरता झपाटलेला. गेला महिनाभर दर सोमवारी तो तुटक्या दोरीचं टोक घेऊन दुकानात येतो आणि उपटलेला दात दाखवावा तसं ते काउंटरवर ठेवतो. म्हणतो, तुमची दोरी कच्ची आहे, याहून जाड द्या. जाड दिली, तीही तुटली. त्याला वाटतं, मासाच अवाढव्य होता. प्रत्येक नवशिक्याला असंच वाटतं. मी त्याला म्हटलं, डॉक्टर, या तळ्यातला मासा दोरी क्वचितच तोडतो, बहुतेक वेळा ती माणूसच तोडतो.

मग मी माझं नेहमीचं पुराण लावलं. तुला ते पाठ आहे. तू काउंटरखाली बसून माझ्यासोबत ओठ हलवायचीस. गळ बांधताना गाठ कोरडी आवळली की दोरी स्वतःवरच घासते, तापते, आणि तिथेच निम्मी मरते. म्हणून आवळण्याआधी गाठीला थुंकी लावायची. दंतवैद्याला ते काही रुचलं नाही, इतक्या तोंडांत हात घालूनही. मग दगडांचं. बास राहतो दगडांत आणि बुडालेल्या खुंटांत, दोरी तिथे खरवडते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दर माशानंतर शेवटची हातभर दोरी बोटांतून फिरवायची, कुठे खरखर लागली तर तेवढी कापून गाठ नव्याने बांधायची. नवशिका म्हणतो, आता कशाला, चाललीय की. आणि सगळ्यात शेवटी ड्रॅगची चकती. ती किती पिळलीय त्यावर ठरतं, माशाने किती जोर लावला म्हणजे रीळ दोरी सोडणार. नवशिका ती पिळून पिळून बंद करतो. मासा जाईल या भीतीने दोरी सोडतच नाही, आणि भीतीपायी मासाही घालवतो आणि दोरीही. हे मी इतक्या जणांना इतक्या वर्षांत इतक्या ठसक्यात सांगितलंय की, ऐकणाऱ्याला वाटावं या माणसाला भीती ठाऊकच नाही.

रविवारी मी त्याच्याबरोबर होडीतून गेलो. म्हटलं, बघू तरी हा नेमकं काय करतो. तर काय, सगळं बरोबर करत होता! गाठ ओली केली, दोरी बोटांतून फिरवली, चकती मी सांगितली तशी सैल ठेवली. दहाच्या सुमाराला जुन्या धक्क्याच्या खुंटांजवळ त्याला मासा लागला. चांगला दणकट. दोरी करकर करत सुटायला लागली, सुटायलाच हवी होती, आणि मासा खुंटांकडे निघाला. भिंगरी, तेव्हा मी काय केलं सांगू? हात लांब करून त्याच्या रिळाची चकती पिळली. त्याला विचारलं नाही, स्वतःलाही विचारलं नाही. हातच गेला. पुढच्या क्षणी फटकन आवाज आला आणि रॉड सरळ झाला. दंतवैद्य बिचारा पाण्याकडे बघत राहिला. मग मलाच म्हणाला, माफ करा, माझाच हात जड आहे. त्याने माझा हात पाहिलाच नव्हता, माशाकडे बघत होता तो. आणि मी गप्प बसलो. वल्ही मारत होडी काठाला लावली, आणि त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मला त्यातलं डॉक्टरी फारसं कळलं नाही, पण एवढं कळलं की, ऑपरेशनच्या वेळी रक्तवाहिनीवर गाठ मारताना तुझ्या हातात टाक्याचा धागा तुटला, रक्त आलं, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन दुसरी गाठ मारली, आणि तो माणूस चौथ्या दिवशी चालत घरी गेला. तू लिहिलंयस की बाई रागावल्या नाहीत, शिकताना सगळ्यांचाच तुटतो म्हणाल्या. पण तेव्हापासून तू टेबलापासून लांब, भिंतीशी उभी राहतेस. आणि शुक्रवारी फॉर्म भरून सर्जरी सोडणार आहेस, जिथे हातात धागा घ्यावा लागणार नाही अशा विभागात जाणार आहेस. इथवर मी धीराने वाचलं. पुढे तू लिहिलंयस, 'बाबा, तू तळ्यावर म्हणालास ते खरंच होतं.' ते वाचलं आणि मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आत जाऊन बसलो.

तुला भिंगरी म्हणायला लागलो ते तू तीन वर्षांची असताना काउंटरभोवती फेऱ्या मारायचीस म्हणून. बस, तेवढंच. त्या नावामुळे सगळ्यांनी, आणि तूही, धरून चाललं की तू उतावळी आहेस. तू कधीच उतावळी नव्हतीस. तेराव्या वर्षी तू स्प्रिंगचा वजनकाटा दोरीला अडकवून ड्रॅग लावायचीस, दोरी पेलते त्याच्या पाव वजनावर, आणि आकडा कागदाच्या पट्टीवर लिहून रॉडच्या मुठीला चिकटवायचीस. माझ्या दुकानात येणाऱ्या मोठमोठ्या मिशीवाल्यांना हे कधी सुचलं नाही. मला मनातून अभिमान वाटायचा आणि तोंडाने मी म्हणायचो, पुरे आता, मासे म्हातारे झाले. उगाच. माझ्या जिभेला ती खोडच आहे, तुझी आई सांगेल.

स्पर्धेचा दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. मुलांची स्पर्धा, प्रत्येक होडीत एक पालक, धक्क्यावर निम्मं गाव. तुला मासा लागला आणि त्याने एकदा पाण्याबाहेर उडी मारली तेव्हा धक्क्यावरून जो आवाज उठला, तो माझ्या कानांत अजून आहे. एवढा बास त्या वर्षी कुणी पाहिला नव्हता. तो खुंटांकडे वळला, रॉड कमानीसारखा वाकला, तू अंगठा रिळापासून लांब धरला होतास, मी पाहिलं, नीट लांब धरला होतास. आणि तरी दोरी सुटली नाही. तुटली. तू माझ्याकडे वळून बघितलंस. सगळा धक्का ऐकत होता, आणि मी म्हणालो, "तुझा हातच तोडणारा आहे, भिंगरी." लोक हसले. मी पण हसलो. घरी येईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस, आणि त्यानंतर रॉडला हात लावला नाहीस. तुझ्या आईने महिनाभर विचारलं, पोरीला झालंय काय. मी म्हणायचो, वय आहे, होईल ठीक.

आता जे बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. तुझ्या आईला सोमवारी संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, आधी तिला लिही, मग माझ्याशी बोल. त्या दिवशी सकाळी तू लाइफ जॅकेट आणायला शेडमध्ये गेलीस, तेव्हा मी तुझ्या रिळाची चकती दीड फेरा पिळली होती. तू काट्यावर मोजून लावलेली. दुकानात चार जणांपुढे मी बढाई मारून बसलो होतो की यंदा कप माझ्या पोरीचा, आणि मला भीती वाटत होती की मासा खुंटांत शिरेल आणि माझं हसं होईल. दोरी तुटल्यावर मी 'बघू, बघू' म्हणत रॉड तुझ्या हातातून घेतला, तुला आठवतंय? तुझ्याकडे पाठ करून चकती दीड फेरा सैल केली आणि मग परत दिला. तू मुठीवरची पट्टी वाचलीस, दोरी हाताने ओढून पाहिलीस, ती सरसर सुटली, आणि तू मान खाली घातलीस. तेव्हाच तू ठरवलंस ना, की चूक हाताची आहे? तुझी मान खाली जाताना मी पाहिलं, पोरी. पाहिलं आणि गप्प बसलो. पुढे दीड महिन्याने फेरीबोटवाल्याला तोच मासा लागला. त्याच्या जबड्यात तुझा गळ होता, तू खुणेसाठी लाल धागा गुंडाळलेला. त्याने तो आणून माझ्याकडे दिला, म्हणाला, पोरीला दे, खूश होईल. मी तो स्क्रूंच्या डब्यात तळाशी टाकला, कारण तो पाहिला असतास तर तुला सगळंच कळलं असतं. पाकिटात तोच आहे. ओढून पाहू नकोस, इतक्या वर्षांत नायलॉन ठिसूळ झालंय. नुसता उजेडात धरून बघ. दोरी गळापासून वितीवर तुटलीय, गाठीवर नाही. तो मासा तेवढ्या जोराने खेचत होता, मी चकती बंद करून ठेवली होती, आणि पुढे दीड महिना तो गळ घेऊन पाण्यात फिरला, तरी तुझी गाठ सुटली नाही. तेरा वर्षांच्या पोरीने बांधलेली आहे ती. शुक्रवारी काय करायचं ते तू ठरव. तुला तो विभाग खरंच आवडत असेल तर जा, मी आनंदाने ऐकेन. पण त्या फॉर्मवर कारणाचा रकाना असेलच, त्यात माझं वाक्य लिहू नकोस. मी खोटं बोललो होतो.

तुझाच,
अजूनही घाबरलेला,
बाबा