बेकरीवाल्याचं पथ्य

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, तिकडेही ठीक असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तिकडचं खरं काय ते भावोजी सांगतात. डायलिसिसहून आलीस की तुला फोन नकोसा होतो, पण मशीनपाशी पडल्या पडल्या हाताला लागेल ते वाचतेस, औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा सोडत नाहीस, असं कळलं. म्हणून पत्र. बाटलीपेक्षा बरं लिहायचा प्रयत्न करतो.

बातमी अशी की तुझ्या भावाने मांस, मासे, अंडी सोडली. वर दूध, लोणी, चीजसुद्धा. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "पळतं, पोहतं, उडतं ते खायचं नाही, आणि त्यांच्यापासून मिळतं तेही नाही. जमिनीतून उगवतं तेवढंच." मी म्हटलं, "बाई, माझी बेकरी आहे." त्या म्हणाल्या, "बेकरी उगवत नाही." याला त्या वनस्पतीजन्य आहार म्हणतात. आमचा भट्टीवरचा कारागीर त्याला पाला म्हणतो. दुपारी मला विचारतो, "मालक, पाला झाला का?"

पहाटे भट्टीतून बटर बिस्किटांचे ट्रे बाहेर येतात तेव्हा मी मागच्या दाराशी जाऊन मैद्याच्या गोण्या मोजल्यासारखं करतो. क्रीमची चव आता कारागीर बघतो आणि मी त्याचं तोंड बघतो. त्याला सगळंच छान लागतं. गोड जास्त झालं हे गिऱ्हाइकांकडून कळतं. कडधान्यांनी पोटात काय होतं ते मात्र सख्खी बहीण असलीस तरी तुला लिहीत नाही. झोपायला मी बाहेरच्या खोलीत असतो एवढं सांगतो.

केळी, संत्री, टोमॅटो, पालक, बटाटे भरपूर खा म्हणाल्यात. यादी वाचताना माझ्या ध्यानात आलं, हे सगळं तुला बंद. म्हणजे आपण दोघांत मिळून एक माणूस धड जेवतो.

एवढं अचानक का, असं तू विचारशील. गुडघे. जिना चढताना कुरकुर करतात. रक्तदाबही जरा वर आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरल्याशिवाय पुढचं काही बोलायचं नाही. पुढचं म्हणजे गुडघ्यांचंच.

मागच्या वेळी तुझ्या घरी जे बोलणं झालं ते मी काढत नाही. "तुझी पोर अजून शाळेतसुद्धा जात नाही. परत हा विषय काढलास तर माझा उंबरा चढू नकोस," असं तू म्हणाली होतीस. नाही काढत.

आई बरी आहे. मी वाळतोय म्हणून धास्तावली आहे. माझं वेगळं जेवण आता तीच करते. म्हणते, तुम्ही नवरा-बायको बेकरी बघा, तुझी डाळ मी शिजवीन.

मशीनवर असताना हात हलवू नकोस. जप.

तुझा
भोपळ्या

२७ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं एका ओळीचं पत्र पोचलं. "गुडघ्यांसाठी कोणी किडनीच्या डॉक्टरकडे जात नाही." भावोजींच्या पोटात काही राहत नाही. ठीक आहे. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच लिहितो.

हो, तुझ्यासाठीच. रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं. अडलं ते माझ्या अंगापाशी. डॉक्टर म्हणाले, "इतक्या वजनाच्या आणि रक्तदाबाच्या माणसाची किडनी मी काढणार नाही. उद्या ती तुम्हालाच लागेल." म्हणून पाला.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडली, दम लागायचा थांबला, गुडघे खरंच बरे झाले, म्हणजे तुला मारलेली थापही अर्धी खरी झाली. मग काटा अडला. मग चक्क वर सरकायला लागला. मी जेवण आणखी कमी केलं, बेकरी बंद झाल्यावर नाक्यापर्यंत चालायला लागलो, तरी तेच. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "चोरून खाताय. असंच चाललं तर तुमचं नाव काढून टाकावं लागेल." मी मुलीची शपथ घेतली. त्यांनी ती ऐकून घेतली, इतकंच.

ताई, त्या दिवशी इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना मला हायसं वाटलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वाटलं, आपण तर प्रयत्न केला, आता कोणी बोट दाखवणार नाही. कोपऱ्यावर पपई घेतली आणि शीळ घालत घराकडे निघालो. दाराशी आल्यावर ती शीळ माझ्याच कानांवर पडली. आत जाऊन हात धुतले आणि किती तरी वेळ धुतच राहिलो.

तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून बेकरीतून लवकर आलो. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. माझी डाळ उकळत होती. आई बेकरीतून आणलेल्या लोण्याचे सुरीने तुकडे करून डाळीत सोडत होती. एक, मग दुसरा, मग जरा थांबून आणखी एक. वर तवंग आला की पळीने नीट आत घोटत होती, मला दिसू नये म्हणून.

मी म्हटलं, "आई, ते मला चालत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

ती वळलीसुद्धा नाही. "तुझ्या इस्पितळातून फोन आला होता. तू मोबाइल घरी विसरला होतास. पोरगी म्हणाली, डोनर आहेत का? मी विचारलं, डोनर म्हणजे काय गं? तिने नीट समजावून सांगितलं. गोड आवाजाची होती."

"आई, ताईची अवस्था..."

"ती माझी नाही का? मला तिची काळजी तू शिकवू नकोस. पण एक लेकरू आधीच सुयांवर जगतंय. दुसरं धडधाकट आहे, त्याला मी माझ्या हाताने टेबलावर पाठवू? दोघंही आत, आणि बाहेर बाकावर मी. काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? मला कोणी विचारलंत? तुम्ही दोघांनी भांडून घेतलंत, माझ्यापाशी कोण आलं?"

मी गॅस बंद केला. आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसलो. मी तिला त्या पायऱ्यांची गोष्ट सांगितली. मला वाटलं ती म्हणेल, बघ, देवालाही मान्य नाही. तिने वेगळंच विचारलं, "मशीनवर तिला दुखतं का रे?"

"सुया घालताना दुखतंच. ती म्हणते, नाही दुखत."

आई म्हणाली, "ती आधीपासून तशीच. लहानपणी गळू फोडताना दाईसुद्धा रडली होती, ही म्हणे नाही दुखत."

मग ओट्याचा आधार घेत उठली. ती डाळ तिने कारागिराच्या डब्यात ओतली आणि माझ्यासाठी दुसरी डाळ धुवायला घेतली.

आता डाळ पाण्यासारखी असते. मीठही नसतं. माझ्या मते रागापोटी, ती म्हणते रक्तदाबासाठी. काटा मात्र उतरतोय. काल डॉक्टर पहिल्यांदा हसले आणि माझी रात्रीची झोप गेली.

आता सगळं तुझ्यावर आहे. तुझा होकार नसेल तर ते मला हात लावणार नाहीत. मी शूर आहे म्हणून देतोय असं समजू नकोस. मला भीती वाटते. भूल उतरली नाही तर, पोरीचं काय, बेकरीचं काय, सगळं मनात येतं. पण तूसुद्धा दर दोन दिवसांनी त्या मशीनपाशी शूर आहेस म्हणून जात नाहीस. इलाज नाही म्हणून जातेस. मलाही इलाज नाही गं.

मला फोन करू नकोस. आईला कर. ती दुपारी एकटी असते.

तुझ्या उत्तराला भिणारा
भोपळ्या

१९ जुलै

ताई,

तू आईला फोनवर हो म्हणालीस, म्हणून आज तू वरच्या मजल्यावर काचेआड आहेस आणि मी खाली. जंतूंच्या भीतीने मला वर सोडत नाहीत. सोडलं असतं तरी मला धड उभं राहता येत नाही. सिस्टर म्हणाल्या, लिहून द्या, आम्ही वाचून दाखवू. तेव्हा हे त्यांच्या आवाजात ऐक.

काल शुद्धीवर आल्या आल्या मी विचारलं, माझी बहीण? एक म्हणाली, डॉक्टर सांगतील. दुसरीही म्हणाली, डॉक्टर सांगतील. ज्याचं चांगलं असतं ते कोणीही सांगतं, डॉक्टरला कशाला राखून ठेवतात? मी छताकडे बघत पडलो. कुशीत कळ येत होती. कारणाशिवाय कापून घेतलं असं झालं तर, हे एकच डोक्यात. बायको हात धरून बसली होती, तिलाही काही ठाऊक नव्हतं.

मग आई दारात आली. पदर खांद्यावरून घसरलेला, चप्पल हातात. माझ्याकडे तिला बघवेना बहुतेक. शेजारच्या खाटेवर एक अनोळखी गृहस्थ पाय बांधून पडले होते, त्यांना तिने सांगितलं, "माझ्या लेकीला लघवी झाली."

ते म्हणाले, "बरं झालं."

मग ती खुर्चीत बसली आणि रडली. तू मशीनवर गेल्यापासून मी तिला रडताना पहिल्यांदाच बघितलं. मला हसूही येत होतं, पण हसलं की टाके ओढतात.

डॉक्टर आज म्हणाले, किडनी कामाला लागली, सुरुवात चांगली आहे, पण इतक्यात निर्धास्त होऊ नका. तिच्या शरीराने नवीन किडनी आपली म्हणायला हवी, त्याला काही दिवस जातील. मी विचारलं, नाही म्हटलं तर? ते म्हणाले, "आज आजचं बघू." त्यामुळे मी दर थोड्या वेळाने सिस्टरना विचारतो, वर काय? त्या वैतागल्या आहेत. आई मात्र वैतागत नाही. तुझ्या काचेपासून माझ्या खाटेपर्यंत जिना चढते, उतरते. बस म्हटलं तर म्हणते, मला दोन मजले आहेत.

सिस्टर, हे शेवटचं हळू वाचा. ताई, दुखत असेल तर या वेळी सांग. मला नको सांगूस, आईला सांग. तिला ते ऐकायचं आहे.

खाली पडल्या पडल्या वरच्या पावलांकडे कान लावलेला,
तुझा भाऊ